कापलेला खोका

सात नंबरच्या खाटेवरचे कप्तान सकाळी दहाला कोसळले. नाडी अडतीसवर. अकरापर्यंत जीव थाऱ्यावर आला आणि बारापर्यंत गुन्हेगारही ठरला: नर्स. "एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या," असा मोठ्या डॉक्टरांचा अहवाल. चारच्या आत माफीनामा, नाहीतर नोकरी गेली.

औषधभांडाराच्या ताईंकडे अहवाल फक्त सहीला आला होता. पण ताईंची सही दुसऱ्याच्या घाईने होत नसे. चष्मा पुसत त्या वॉर्डात गेल्या.

"ताई, मी माफी मागणार नाही," नर्स म्हणाली. "खुशाल हाकला."

"ते बघू. आधी पट्टी दाखव."

नाडी मंदावणाऱ्या अटेनोलॉलची पट्टी आजच फोडलेली. दहापैकी नऊ गोळ्या शिल्लक.

"म्हणजे एकच दिलीस. औषधाच्या कपात आणखी काय होतं?"

"डॉक्टरांच्या कागदावरची बाकी पाच औषधं. त्यातलं एक कप्तानांनी घरून आणलेलं, परदेशी. खोका बघून डॉक्टरांनीच कागदावर चढवलं."

खोका कपाटात सापडला. आत पट्टी नव्हती. वर कंपनीने दिलेलं ठसठशीत नाव होतं. त्याखालची बारीक ओळ मात्र कात्रीने सरळ कापून काढलेली. त्या चौकोनी भोकातून ताईंनी नर्सकडे एक डोळा लावून पाहिलं. "उजेड पडला बघ."

साडेतीनला त्या अधीक्षक साहेबांच्या खोलीत शिरल्या. मोठे डॉक्टर तिथेच बसले होते.

"डॉक्टर, या खोक्यात काय होतं?"

"मला काय ठाऊक! जीवनसत्त्व असेल एखादं. म्हाताऱ्याचा हट्ट होता."

"कप्तान कोसळल्यावर काय काय बंद केलंत?"

"कागदावर आहे ना सगळं!"

"आहे, म्हणून तर आले. सहापैकी दोनच बंद केलीत. अटेनोलॉल बंद केलंत, ते समजलं. पण बिचाऱ्या जीवनसत्त्वावर एवढा राग का?"

डॉक्टरांनी अहवाल स्वतःकडे ओढला.

"कारण ते जीवनसत्त्व नव्हतंच. साहेब, एकाच औषधाला देशोदेशीच्या कंपन्या वेगवेगळी नावं देतात. जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नाव मात्र जगभर एकच ठरलेलं, आणि ते त्या बारीक ओळीत असतं. ती ओळ वाचायला डॉक्टरांना काल सवड नव्हती. आज कापायला मिळाली."

"पुरावा?" डॉक्टर कडाडले.

"आत या, कप्तान."

चाकांच्या खुर्चीतून कप्तान आले. मागे नर्स.

"तीस वर्षं जहाजाची औषधपेटी सांभाळली मी," ते म्हणाले. "बंदर बदललं की खोका बदलायचा, खालची ओळ नाही. काल ती यांना वाचून दाखवली. म्हणाले, जहाज तुम्ही चालवा, इलाज मी करतो. कपातल्या सुट्या गोळ्यांवर नाव कुठलं? घेतल्या मुकाट्याने." त्यांनी उशीच्या अभ्र्यातून एक पट्टी काढली. "आम्ही सगळा साठा एका जागी ठेवत नसतो, डॉक्टर."

पट्टीवर खोक्यावरचंच ठसठशीत नाव होतं. साहेबांनी ती उलटून बारीक ओळ वाचली. अटेनोलॉल.

"हे आपसात मिटवता येईल," साहेब पुटपुटले.

"माझ्या सहीने नाही," ताई म्हणाल्या.

नर्सने खिशातला माफीनाम्याचा कोरा कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. वर पेन ठेवलं.

"पावणेचार झालेत," ती म्हणाली. "चारच्या आत हवाय."