चाटूमामाचं लॉक

तो मोबाइल उपडा ठेव आधी. उजेड डोळ्यात जातो माझ्या. आणि भुतंबितं नसतात हे मला शिकवू नका. मीही तेच म्हणायचो, माझ्या मेहुण्याच्या बाबतीत हे घडेपर्यंत.

मेहुणा म्हणजे तुमच्या काकूचा धाकटा भाऊ. तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरवाला होता. तिथं खरेदी, गोदाम, ट्रक, पगार, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर. कुठं एरर आला की याला फोन. महिनाअखेरचा गुरुवार होता. अमावस्या-बिमावस्या काही नाही. जेवून हात धुतोय तोवर साहेबांचा फोन, "माल पास होत नाहीये, ये." गेला बिचारा. साहेबांनी आल्या आल्या पावडरचा सीलबंद डबा हातात ठेवला. "घरी तान्ही मुलगी आहे ना तुझ्या? ने. याच मालातला आहे." त्यानं पिशवीत टाकला. घरचा डबा संपतच आला होता.

एरर साधा होता. रेकॉर्ड लॉक आहे, दुसरा युजर वापरतोय. कोणीतरी स्क्रीन उघडी टाकून घरी गेलं की असं होतं. त्यानं युजरचं नाव बघितलं. चाटूमामा!

हा चाटूमामा म्हणजे मालाचा तपासनीस. यंत्रावर काडीचा विश्वास नाही. तीन बोटांनी चिमूट उचलायची, जिभेवर टाकायची, चट् करून टाळूला लावायची. माल बिघडलेला असला की बेसिनमध्ये थू! आणि त्याच ओल्या बोटांनी कीबोर्ड बडवायचा. बघणाऱ्याला किळस यायची. पण त्यानं थुंकलेला माल कधी गेटबाहेर गेला नाही. त्या रात्रीच्या महिनाभर आधीच वारला होता.

आणि या हरामखोरांनी काय केलं? त्याचा आयडी बंदच केला नाही. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. जो माल स्वतःच्या नावावर पास करायची कोणाची छाती होत नव्हती, तो मामाच्या आयडीतून पास. उद्या काही झालंच तर नाव मेलेल्याचं! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते हे. शी! आजही सांगताना तोंड कडू होतं. मेहुण्याला हे माहीत नव्हतं असं नाही. "नोकरीये, भाऊजी," म्हणायचा.

तर त्यानं मामाचं सेशन तोडलं. परत तोच एरर. सर्व्हर रीस्टार्ट केला, निम्मी दुखणी त्यानंच जातात. परत तेच. शेवटी आयडीच बंद केला. तरी... रेकॉर्ड लॉक आहे. युजर चाटूमामा. मशीन, तपासणी खोली.

"मग जाऊन बंद कर ना तिथलं!" साहेब खेकसले. "ट्रक उभाय!"

खोली मागच्या अंगाला. मामा गेल्यापासून कुलूप. यानं दार उघडलं. नासक्या दुधाचा भपकारा आला. दिव्याचं बटण सापडेना. भिंत चाचपडतोय...

चट्.

मेहुणा थिजला.

"कोण आहे?"

...

थू.

बेसिनच्या बाजूनं.

बटण लागलं. खोलीत कोणी नाही. कॉम्प्युटर बंद. त्याची वायर गुंडाळून टेबलावर. पण कीबोर्ड... ओला. बटणांवर पांढरा लगदा. काठावरून लाळेची तार लोंबत होती...

तो परत आला तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता. "नाही सुटत, साहेब."

"डेटाबेसमधून तोड की! येतं तुला."

येत होतं. दोन मिनिटांचं काम.

"तुम्हीच तोडा," म्हणाला, पिशवी उचलली आणि निघाला. "उद्यापासून येऊ नकोस!" साहेब मागून ओरडले. ते लॉक पुढं कोणालाच सुटलं नाही. माल शेवटी खड्ड्यात पुरला म्हणे.

घरी आला तर मुलगी रडून लालबुंद. बायको दारातच उभी. "डबा आणलात? बरं झालं. जुन्यात चमचाभरही नाही." पिशवीतून काढलाही तिनं.

"थांब!"

घाबरलेल्या माणसाला डब्याचं भान कुठलं असणार? आत्ता आठवलं. याच मालातला. त्यानं डबा हिसकावला. सील नीट बघितलं. शाबूत. बायकोनंही बघितलं. मग त्यानं स्वतःच्या हातानं फाडलं.

आत पावडर सपाट. आणि मधोमध... तीन बोटांनी चिमूट उचललेला खड्डा.

कडा ओल्या होत्या.