शेजारची तार

जेवणाआधी एक मोजणी उरकून टाकावी, म्हणून योरिंडे तळघरात उतरली. डेल्फ्टच्या त्या प्रयोगशाळेतली मोजणीची टेबलं तळघरातच मांडलेली. वर ट्राम जायची, माणसं जिने चढायची-उतरायची, आणि तेवढाही हादरा मोजणीच्या नाजूक तारांना सोसत नसे.

काचेखालच्या चिपवर केसाहून बारीक दोन तारा शेजारी शेजारी ताणलेल्या. एक तिची, एक तिच्याबरोबर संशोधन करणाऱ्या वित्सेची. हळू छेडल्या, तर दोघी आपापल्या घरी सुखी. जोरात छेडल्या, की एकीची थरथर दुसरीत शिरायची. आपली तार मुद्दाम छेडून वित्सेने वर्षभर तिच्या मोजणीची माती केली. "चढव, जोर चढव," तो खिदळायचा, "उतरवताना ती तुझं ऐकायची नाही, बाई!" गेल्या हिवाळ्यात तो सायकलसकट कालव्यात मेलेला सापडला. योरिंडेला काडीचंही वाईट वाटलं नाही. दफन उरकताच तिने सुईने त्याची तार तोडली. आता आजची मोजणी स्वच्छ आली, की डॉक्टरेट तिची.

तिने जोर वाढवला. थरथर चढली... आणि मध्येच निम्मी झाली.

तिचे प्राध्यापक तेउनिस मागून वाकले. "काय गं, शेजारची तोडलीस ना?"

"तोडली."

"मग ही आपली निम्मी थरथर देतेय कुणाला?"

योरिंडेने जोर कमी केला. थरथर उतरेना. तिने यंत्र बंद केलं, वायर उपटली. थरथर दाखवणारी पडद्यावरची रेघ चढतच राहिली. कालव्यातल्या गाळाचा वास आला. तिच्या दाढा झिणझिणू लागल्या...

"मेलास ना तू?" ती दात-ओठ खात पुटपुटली. "मग मर की एकदाचा!"

रेघ खाडकन खाली आली. सगळं शांत झालं.

"सुटली बघ तार," तेउनिस म्हणाले. "चल, जेवू या."

वर कँटीनमध्ये दोघं चीज-पाव आणि ताक घेऊन बसली. योरिंडेच्या पेल्यातल्या ताकावर बारीक वर्तुळं उमटत होती. तेउनिसनी हसत पेला स्वतःकडे ओढला, तर वर्तुळं थांबली. परत तिच्यापुढे सरकवला, तर सुरू झाली.

"हात थरथरतायत तुझे. घाबरलीस की काय?"

तिने हात मांडीवर घेतले. वर्तुळं दाट झाली.

तेउनिसनी टेबलाखालून तिचं मनगट धरलं. बराच वेळ ते नाडीवर बोट रोवून बसले. मग त्यांचं हसू मावळलं.

"अगं... ठोके कुठायत?" ते हळूच म्हणाले. "नुसती थरथर लागतेय. आणि... चढतेय."