सातव्या खोलीची दुसरी रेघ

मेलानियाचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि लुत्सियानने अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहान होतं. लुब्लिनमध्ये ती एका प्रशिक्षणाला जाऊ लागली होती. इमारतीत शिरून खोल्याखोल्यांतून कसं लढायचं आणि जखमींना बाहेर कसं काढायचं, हे तिथे साध्या माणसांना शिकवत. शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, तुम्हाला हे आवडावं असं म्हणत नाही. कळलं, एवढंच लिहा.' उभा जन्म ग्रंथालयात काढलेल्या लुत्सियानने उत्तराचे अकरा खर्डे केले आणि अकराही फाडले. पत्र शब्दकोशात जाऊन पडलं.

निवृत्तीनंतर तो ब्याविस्तोकमध्ये कोर्नेलिया झारेंबा या खासगी तपासनीस बाईंची टिपणं लिहून देत असे. सोमवारी सकाळी तो पेन्सिलीला टोक करत होता, तेवढ्यात एक उंच माणूस लंगडत आत आला. त्याने रुमालाची घडी उलगडली. आत एक काडतूस होतं, जुनं, हिरवट गंज चढलेलं, पण खरं.

त्याचं नाव रादोमिल. बावीस वर्षं सैन्यात काढून आता तो एका बंद कापड गिरणीत नागरिकांना तेच शिकवत होता, जे मेलानिया लुब्लिनला शिकत होती. बंदुका प्लास्टिकच्या छऱ्यांच्या. खरी गोळी फाटकाच्या आत येता कामा नये, हा पहिला नियम. म्हणून रोज फाटकाशी प्रत्येकाची झडती होई. शनिवारी परीक्षेच्या तुकडीचा सराव झाला, आणि झाडलोट करताना सातव्या खोलीत नळाच्या मागे हे सापडलं.

"नगरपालिकेला मीच कळवलं," रादोमिल म्हणाला. "बुधवारी त्यांचा माणूस येतोय. कुणी आणलं ते सांगता आलं नाही, तर गिरणीला कुलूप. आणि याग्नाची परीक्षा बुडेल."

याग्ना ही रुग्णवाहिकेवरची परिचारिका. वीस तारखेला औषधांचा ताफा सीमेपलीकडे युद्धाच्या भागात जाणार होता. परीक्षेच्या दाखल्याशिवाय तिला त्यात जागा नव्हती.

"तुकडीत कोण कोण?" कोर्नेलियाने विचारलं.

तिघंच होती. सर्वात पुढे क्सावेरी, जमिनींचा दलाल आणि हौशी शिकारी. मध्ये याग्ना. शेवटी तिचा नवरा गेर्वाझी, बेकरीवाला. पाच महिन्यांत हा क्रम एकदाही बदलला नव्हता. गुरुवारी रादोमिलने स्वतः सगळी इमारत धुऊन पुसून कुलूप लावलं होतं. किल्ली फाटकाजवळच्या सैल विटेमागे असे, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी दोघं गिरणीत गेली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. कोर्नेलिया टॉर्च घेऊन बोळातून चालत राहिली आणि लुत्सियान मागून टिपत गेला. दाराच्या चौकटींवर गुडघ्याच्या उंचीला खडूच्या रेघा होत्या. एक ते सहा खोल्यांना प्रत्येकी एक, सातवीला दोन. सातवी खोली जास्त काळजीने तपासली असणार, असं त्याने समासात लिहिलं आणि लिहिल्यावर नेहमीप्रमाणे त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग रादोमिल त्या तिघांना घेऊन आला. क्सावेरीने लुत्सियानच्या पेन्सिलीकडे पाहिलं आणि हे आजोबा परीक्षेला बसणार असतील तर आपण पुढची जागा सोडायला तयार आहोत, असं सांगितलं. झडतीच्या प्रश्नावर मात्र तो तापला. शनिवारी त्याने गेर्वाझीचे खिसे उलटे केले होते, गेर्वाझीने त्याचे, आणि याग्नाची झडती स्वतः रादोमिलने घेतली होती. कुणाजवळ काही नव्हतं.

"शिकारी मी, म्हणून चोर मी," तो म्हणाला. "बाई, असलं गंजकं मी माझ्या बंदुकीत घालेन का? अशी जुन्या युद्धातली तर आमच्याकडे नांगरटीत निघतात. आणि सापडलं तेही मलाच. झाडू मारायची पाळी माझी होती ना."

याग्नाने थोडक्यात सांगितलं. प्रत्येक खोलीत शनिवारी एकदाच शिरलो, एकदाच बाहेर आलो. शुक्रवारी ती दिवसभर कामावर होती. गेर्वाझीही तेच म्हणाला, पण बोलताना त्याची नजर बायकोच्या हातांवर होती. शुक्रवारी तो बेकरीतच होता म्हणे.

"मला एकदा करून दाखवा," कोर्नेलिया म्हणाली. "फक्त पहिली खोली."

तिघं दाराबाहेर भिंतीला लागून उभी राहिली. गेर्वाझीने याग्नाच्या खांद्यावर हात ठेवला, याग्नाने क्सावेरीच्या. कुणी बोललं नाही. खांदा दाबला गेला आणि तिघं एकाच अंगासारखी आत वळली. एक डाव्या कोपऱ्याला, एक उजव्या, तिसरा दाराशी. आपल्या कोपऱ्यावरून कुणाची नजर हलली नाही, कारण आपली पाठ दुसरा सांभाळतोय याची प्रत्येकाला खात्री होती. बाहेर येताना सर्वात शेवटी गेर्वाझी. डोळे बोळाच्या टोकाला लावूनच तो किंचित वाकला आणि चौकटीवर खडूची रेघ ओढून पुढे सरकला.

लुत्सियान टिपायचं विसरला. आपण हाणामारी पाहायला आलो आहोत असं त्याला वाटलं होतं. हे तर मन लावून वाचणाऱ्या माणसाइतकं शांत होतं. एक परिचारिका, एक बेकरीवाला, एक दलाल. मेलानियाही आता अशीच कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभी राहत असेल.

"रेघ नेहमी शेवटचाच काढतो?" कोर्नेलियाने विचारलं.

"तोच," रादोमिल म्हणाला. "खोली तपासून झाली याची खूण. दाराकडे बघायचं नाही, नजर बोळावर. हाताला आपोआप आलं पाहिजे."

कोर्नेलिया सगळ्यांना सातव्या खोलीपाशी घेऊन गेली. तिने टॉर्च खाली धरला.

"गुरुवारी चौकटी पुसल्या. शनिवारी प्रत्येक खोलीत एकदाच जाणं झालं. मग इथे दोन रेघा का? शुक्रवारी कुणीतरी या खोलीत येऊन गेलं. शनिवारी झडती होणार हे त्याला माहीत होतं, म्हणून काडतूस आदल्या दिवशीच ठेवलं. आणि बाहेर पडताना त्याच्या हाताने रेघ ओढली. त्याला कळलंसुद्धा नाही."

"दुसऱ्या कुणी मुद्दाम काढली असेल तर?" लुत्सियानने घाबरतच विचारलं.

"मुद्दाम काढणारा ती दाखवायला धावला असता. चार दिवसांत हिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, काढणाऱ्यानेही नाही. शनिवारी दुसरी ओढताना त्याची नजर बोळावर होती, त्यामुळे पहिली त्याला दिसलीच नाही. खालचं टोक बघा. दोन्ही रेघा सारख्याच वळल्यात. क्सावेरी पाच महिने पुढे आहे, याग्ना मध्ये. त्यांच्या हाताला ही सवयच नाही."

गेर्वाझीने खिशातून खडू काढला आणि त्याकडे पाहत राहिला.

काडतूस त्याच्या वडिलांच्या शेतात सापडलेलं होतं, तो म्हणाला. कुणाला लागू नये म्हणून त्याने नळामागे ठेवलं होतं. झाडताना सापडेल, परीक्षा पुढे ढकलली जाईल, वीस तारीख निघून जाईल, एवढाच हिशेब. संशय क्सावेरीवर जाईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला जाऊ नको म्हणायचं होतंस," याग्ना म्हणाली.

"म्हटलं असतं तर तू समजावून सांगितलं असतंस. आणि मला पटलं असतं."

याग्नाने चौकटीवरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"पाच महिने माझ्या पाठीशी तू होतास," ती म्हणाली. "म्हणून मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आता मला वळून बघायला लावू नकोस."

गेर्वाझीने खडू रादोमिलच्या पुढे धरला. रादोमिलने तो घेतला नाही.

"उद्या माझ्याबरोबर येऊन त्या माणसाला हे सगळं तुझ्या तोंडाने सांगायचं," तो म्हणाला. "त्यांनी परवानगी ठेवली, तर शनिवारी परीक्षा. शेवटी कोण उभं राहणार ते याग्ना ठरवेल."

याग्ना भिंतीला लागून उभी राहिली आणि तिने मागची जागा रिकामी ठेवली. गेर्वाझीला कळायला क्षणभर लागला. मग तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. हात मात्र त्याने खांद्यावर ठेवला नाही. तिनेच मागे हात नेऊन तो ओढून घेतला.

घरी आल्यावर लुत्सियानने शब्दकोश उघडला. बाराव्या खर्ड्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. 'मेलानिया, कळलं. आज मी तिघांना एका खोलीत शिरताना पाहिलं. तुझ्या मागे कोण उभं असतं, त्याचं नाव कळव. तुझा बाबा.'

पुन्हा वाचलं तर फाडावंसं वाटेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने ते न वाचताच पाकीट बंद केलं, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेला आणि टाकलं.