दोन इंच जादा

त्या काळी विद्यापीठाच्या दवाखान्यात रक्त तपासावं तसा देहनकाशाही काढून मिळे. आपला मेंदू आपल्या शरीराचं एक चित्र सतत जवळ बाळगून असतो. कोपर कुठवर जातं, कंबर कुठे संपते, हे त्याला डोळे मिटूनही ठाऊक असतं. त्या चित्राचं नाव देहनकाशा. तो देहाशी जुळेनासा झाला की आरसा, मैत्रिणी, डॉक्टर, सगळेच खोटं बोलताहेत असं वाटू लागतं. वसतिगृहातल्या चार मुलींत एकीचा नकाशा बिघडलेला निघे. दोष जाहिरातींचा आणि मोबाइलचा, असं सगळे म्हणत. घरच्यांना तेवढंच बरं वाटे.

गौतमी लोखंडेलाही तसंच बरं वाटलं होतं. तिचं बार्शीत लेडीज टेलरिंगचं दुकान. मुलगी अन्वी विद्यापीठात भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर पोरीनं भाकरी अर्धी केली, मग चतकोर. ‘मी मावत नाही कुठंच,’ एवढंच म्हणायची. परवा प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यातून गौतमीला बोलावणं आलं.

डॉ. नाझनीन मुजावर यांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. आतली निळी म्हणजे अन्वीचं खरं अंग. बाहेरची लाल, तिच्या मेंदूतलं.

“ताई, बाकीच्या मुलींच्या नकाशात एक तर पोट फुगलेलं असतं, नाहीतर मांड्या. हिची रेषा सगळीकडून सारखीच मोठी आहे. सिनेमे बघून असं होत नाही. मला काही उलगडा होईना.”

गौतमी पडद्याजवळ गेली. लाल रेषा काखेपाशी ढिली सुटली होती. कमरेला मुळीच आत वळत नव्हती. गेली एकोणीस वर्षं गौतमी खडूनं हीच रेषा मारत आली होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ही कटिंग माझी आहे.”

“म्हणजे?”

“वाढत्या अंगाचं शिवायचे मी हिला. दोन इंच जादा. फ्रॉक, गणवेश, आत्ताचे ड्रेससुद्धा. कापड जास्त दिवस पुरतं. आणि मुलीच्या जातीनं अंगाबरोबर घालू नये, म्हणून. माझ्या फिटिंगसाठी वैरागहून बायका येतात, मॅडम. घरचीलाच तेवढं ढगळ.”

डॉक्टर खुर्चीत टेकल्या. “डोक्यावर पाटी वाहणारी बाई चौकटीखाली आपसूक वाकते ना? पाटी तिच्या नकाशात गेलेली असते. कपड्याचंही तसंच. पण माणूस कपडे बदलतो, कधी घट्ट, कधी सैल, म्हणून ते पुसलं जातं. हिला जन्मापासून एकाच हातचं, एकाच मापानं सैल मिळालं. मेंदूला वाटलं, आपण एवढ्या आहोत.”

“मग मी सगळे उसवून देते,” गौतमी बोलून गेली आणि स्वतःच ओशाळली.

“दुरुस्ती होते. यंत्र तासभर नकाशा मऊ करतं. तेवढ्यात कुणीतरी हातानं तिच्या अंगाची खरी कड फिरवून द्यायची. पण मेंदू परक्या हाताला दाद देत नाही. जिच्या हातानं नकाशा चुकला, तिचाच हात लागतो.”

“हा घ्या हात.”

“आधी ऐका. अंगावरचं ब्लाऊज तुम्हाला आत्ता जाणवतंय. मी बोलेपर्यंत जाणवत नव्हतं. ही आपली कड आहे असं ठरलं, की मेंदू तिची खबर देणं बंद करतो. तुमच्या हाताचं तेच होईल. तुम्ही दिसाल, आवाज ऐकू येईल. हात मात्र तिला कळणार नाही. पुढं कधीच.”

अन्वीला आत बोलावून सगळं सांगितलं. ती आधी आईकडे वळली.

“मला आवडायचे ते ड्रेस,” ती म्हणाली. “आत वारा खेळायचा.” मग डॉक्टरांना म्हणाली, “नको. मी खाईन. रोज एक भाकरी खाईन.”

“तीन महिने फोनवर तेच ऐकतेय,” गौतमी म्हणाली.

“आणि तू पाठीत धपाटे घालतेस ते?”

“ते वाचले तुझे.”

अन्वी हसली, मग रडली. संमतीपत्रावर सही तिनंच केली.

यंत्र सुरू झालं. गौतमीनं मानेपासून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर हात फिरवला. एका बोटाचीही फट ठेवली नाही. लेकीचे कपडे ती जुन्या ड्रेसवरून अंदाजानं बेतत आली होती. खरं माप आज पहिल्यांदा घेत होती. केवढीशी होती पोर. बरगड्यांपाशी हात थांबू लागला तशा डॉक्टर हळूच म्हणाल्या, “थांबू नका, ताई.” कमरेपर्यंत येता येता अन्वीच्या अंगावरचा काटा विरत गेला. पायाच्या तळव्याला हात लागला की ती नेहमी गुदगुल्यांनी पाय ओढून घ्यायची. या खेपेला पाय तसाच राहिला.

दुपारी कँटीनमध्ये अन्वीनं दोन चपात्या खाल्ल्या आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. गौतमीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अन्वी खात राहिली. बऱ्याच वेळानं समोरच्या काचेत तिला आपल्या पाठीकडे गेलेला आईचा हात दिसला.

“अगं, हात ठेवलायस होय? सांगायचं ना.”

तेव्हापासून गौतमी सांगूनच हात ठेवते. “ठेवला गं,” म्हणते. आणि अन्वी, जाणवल्यासारखी, मान हलवते.