मुळाबरहुकूम

फोर्टातल्या जुन्या मावजी बिल्डिंगच्या डोक्यावर साठ मजल्यांचा काचेचा मनोरा उभा होता. मुंबईत आता अशा जोड्या जागोजाग दिसत. खाली कोरीव दगड, कमानी आणि लाकडी सज्जे, वर नुसती काच. पर्यटक माना मोडेपर्यंत फोटो काढत, आणि वारसा कसा जपला म्हणून शहर स्वतःची पाठ थोपटून घेई.

ही सगळी करामत सजीव चुन्याची. या चुन्यात सूक्ष्म जीवाणू मिसळलेले असत. भिंतीला तडा गेला की ते तिथे नवा चुना तयार करत, आणि जुनी भिंत मनोऱ्याचं ओझं पेलण्याइतकी भक्कम होई. पण कुठे भरायचं आणि कुठे पोखरायचं हे त्यांना शिकवावं लागे. म्हणून इमारतीचा नकाशा रासायनिक खुणांनी त्यांच्यात उतरवत. त्याला 'आकृतिबीज' म्हणत. बीजातली भिंत जीवाणू राखत, बीजात नसलेला भराव हळूहळू खाऊन टाकत.

मावजी बिल्डिंगचं बीज डॉ. केतकी राजाध्यक्ष यांनी बनवलं होतं. बांधणाऱ्याचे शाईचे नकाशे त्यांनी हट्टानं शोधून काढले. नंतरची ठिगळं नकोत, इमारत मुळाबरहुकूम व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

"डॉक्टरबाई, आमचं दार बुजतंय," हंसाबेन वाघेला एका सकाळी त्यांना म्हणाल्या.

हंसाबेन निवृत्त नर्स. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत नवऱ्यासोबत राहत. रमणभाईंचे पाय लुळे पडले होते. खोलीचं एक दार मजल्यावर, लिफ्टकडे उघडे, दुसरं बाहेरच्या गोल लोखंडी जिन्यावर.

"चौकट दोनदा बसवली. कडा पुन्हा आत येतात. काल यांची व्हीलचेअर अडकली."

केतकीबाईंनी नकाशा उघडला. तिथे सलग भिंत होती, तळाशी फक्त एक लहानसा चौकोन. "मुळात इथे दार नव्हतंच."

"कसं असेल? ही मेहतराची खोली. संडास साफ करायला त्यानं लोखंडी जिन्यानं यायचं, त्याच जिन्यानं उतरायचं. दार माझ्या सासऱ्यांनी भिंत फोडून काढलं. मजल्यावरचे वर्षभर बोलत नव्हते त्यांच्याशी."

नकाशातली भिंतीची ती रेघ केतकीबाईंनी कितीदा पाहिली असेल. ती तिथे का आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांना लाज वाटली.

"मग बीज बदला ना."

"त्यासाठी चुन्याला आधी सगळं विसरायला लावावं लागतं. तेवढे दिवस भिंतींत जोर राहणार नाही. वर चार हजार माणसं आहेत, हंसाबेन."

"आणि इथे दोन," हंसाबेन म्हणाल्या.

मनोऱ्याच्या मंडळानं हळहळ व्यक्त केली आणि वाघेलांना कर्जतच्या पुढे घर देऊ केलं. "सासऱ्यांनी भिंत फोडली ती आत येण्यासाठी," एवढंच हंसाबेन म्हणाल्या. रमणभाईंनीही नकारार्थी मान हलवली. मग केतकीबाई स्वतः छिन्नी घेऊन येऊ लागल्या. कडा तासायच्या, घामाघूम होऊन चहा प्यायचा, परत यायचं. चुना मात्र त्यांच्याहून चिवट होता, आणि तो त्यांनीच तसा केला होता.

मग त्या तापानं अंथरुणाला खिळल्या. बऱ्या होऊन आल्या तेव्हा भिंत सलग झाली होती. दार कुठे होतं तेही ओळखू येईना. खाली, जमिनीलगत, एक चौकोनी भोक मात्र नव्यानं उघडलं होतं. नकाशातला तोच चौकोन; मधल्या काळात कुणीतरी तो बुजवला असावा. जीवाणूंनी तो भराव खाल्ला होता.

"हंसाबेन?"

"आहे इथेच. यांची औषधं आणलीत? माझ्यानं जिना उतरवत नाही."

केतकीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि पुडी घेऊन हात भोकात घालू लागल्या.

"हात नको," आतून आवाज आला. "यातून मैल्याची बादली जायची. खाली ठेवा आणि मागे सरका, डॉक्टरबाई. मग मी उचलीन. मुळात तसंच होतं."

केतकीबाईंनी पुडी खाली ठेवली आणि त्या मागे सरकल्या.