रांगेतली शेवटची जागा

सुट्टीत तिची उंची अशी काही वाढली, की आईने गणवेशाची उरलीसुरली शिवण उसवली आणि मग हात टेकले. वर्गात तिला सगळे चौकशी म्हणत. खडूला वास का येतो, घंटा वाजवून झाल्यावर तिचा आवाज कुठे जातो, असले प्रश्न विचारून तिने भल्याभल्या शिक्षकांच्या नाकी नऊ आणले होते.

शाळा उघडली त्या दिवशी खेळाच्या सरांनी प्रार्थनेच्या रांगा नव्याने लावल्या. बुटके पुढे, उंच मागे. आजवर शेवटची जागा शिडीची होती. शिडी म्हणजे चौकशीची जिवलग मैत्रीण, काटकुळी आणि अबोल. आता चौकशी तिच्याहून बोटभर वर निघाली, तेव्हा सरांनी दोघींची अदलाबदल केली. शिडीचा चेहरा पडला. शेवटच्या जागेत कसलं आलंय सुख, ते चौकशीला कळेना.

"अंतर घे," सर म्हणाले. या हुकमावर प्रत्येकाने दोन्ही हात पुढच्याच्या खांद्यांवर ठेवायचे, म्हणजे रांग सरळ होते. चौकशीने शिडीच्या खांद्यांवर हात ठेवले आणि तिच्या स्वतःच्या खांद्यांवर मागून दोन हात येऊन टेकले.

सरांचा डोळा घारीचा, त्यामुळे वळायची सोय नव्हती. 'विश्राम' मिळताच तिने मागे पाहिलं. मागे आवाराची भिंत होती, पाठीपासून जेमतेम वीतभर. तिथे मांजरसुद्धा मावलं नसतं.

भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने खांद्यांवर खडूची पूड चोळली. प्रार्थनेनंतर पुडीत बोटांचे माग उमटले होते, लांब लांब. रांग उंचीची, म्हणजे मागे जे कुणी आहे ते आपल्याहून उंच असणार, हे गणित तिने लगेच सोडवलं. आता कंपासपेटीचं चकचकीत झाकण हातात धरून मागचं बघायचं, असा बेत तिने डबा खाताना शिडीला सांगितला. शिडीने हातातला घास खाली ठेवला.

"नको बघूस," ती म्हणाली. "बघितलंस तर ते जातील."

म्हणजे शिडीला ठाऊक होतं. किती वर्षं, ते तिने सांगितलं नाही.

"आई गेल्यापासून मला कुणी जवळ घेत नाही गं. सकाळी तेवढेच हात असायचे."

 चौकशीने शपथ घेतली, कधी म्हणजे कधीच बघणार नाही. शिडीला तिची जागा परत द्या म्हणून ती सरांकडेही गेली, पण सरांनी नियम दाखवून तिला वाटेला लावलं. शिडी हळूहळू तिच्याशी बोलेनाशी झाली. रोज सकाळी हाताखाली तिचे खांदे आणखी खचलेले लागत, आणि आपण मैत्रिणीच्या तोंडचा घास पळवलाय असं चौकशीला वाटे.

मग सरांचा पाय मुरगळला आणि कवायत चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडली. बाई स्वभावाने लोणी, पण हुकमांशी त्यांचं हाडवैर. त्यांच्या 'डावीकडे वळ'ने अर्धा वर्ग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे फिरला. मुलं खिदळली. बाईंनी सगळ्यांना पुन्हा समोर तोंड करायला लावलं आणि गोंधळून दुसराच हुकूम सोडला.

"मागे वळ."

या आवारात सरांनी तो कधीच दिला नव्हता. रांग वळली. चौकशी आता सगळ्यांच्या पुढे होती, तोंड भिंतीकडे. तिने डोळे गच्च मिटून घेतले. शपथ ती शपथ.

"अंतर घे."

शिडीचे हात तिच्या खांद्यांवर आले. रांगेतल्या पहिल्याने हात खालीच ठेवायचे असतात. पण जित्याची खोड. चौकशीचे हात आपसूक पुढे गेले.

भिंत लागली नाही.

कापड लागलं, गणवेशाचं. तिला टाचा उंचावाव्या लागल्या, तेव्हा कुठे खांदे हाताला आले.

"आहेत?" शिडीने मागून हळूच विचारलं.

"आहेत."

"डोळे मिटलेत ना?"

"हो."

ते खांदे वर उचललेले होते. हात पुढच्याच्या खांद्यांवर ठेवल्यावर उचलले जातात तसे.

आपण मुलांना कुठे वळवलंय, हे बाई विसरल्या होत्या.

"पुढे चल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चौकशी जागची हलली नाही. तिच्या हातांखालचे खांदे चालू लागले, आणि शिडीने मागून तिला हलकेच पुढे ढकललं.