मांगं कोनी राहू नका

मोबाईल ठेवा बाजूला. तेजस्विनी, दाराले कडी लाव. सांगतो, पण मधात "काहीही काय काका" म्हणायचं नाही. लोधीखेड्याचा मोतीराम माझा जुना दोस्त, संत्र्याच्या बगीच्यावाला. थापा मारायची त्याले अक्कलच नाही.

मागल्या पोळ्याले तो अन् सरलावहिनी पोराकडे आयर्लंडले गेले होते. पोरगा कुलदीप तिकडे नोकरीले आहे. त्यानं सुट्टी काढली अन् समुद्राकाठी खोली घेतली. जमिनीचा लांबच लांब तुकडा, तीन बाजूंनी समुद्र. रोज सकाळी डबा भरायचा, गाडीनं नवी जागा पाहायची, संध्याकाळी खोलीवर परत. मोतीराम जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहून राहिला होता. गडी लहान पोरावानी खुश.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इकडे पांढुर्ण्यात गोटमारीची दगडफेक सुरू होती तेव्हा, ते अगदी शेवटच्या टोकावर गेले. सून मृणालनं डबा उघडला. नात उर्वशी शिंपले वेचत होती. कुलदीप म्हणाला, इथं एक नाव बुडाली होती, माणसं काही सापडली नाहीत.

दिवस मावळला. आता वहिनीची एक सवय. बगीच्यात तोडणीच्या बाया झाडाझाडांत पांगलेल्या असतात. दिवेलागणीले निघताना कोणी मागं राहू नये म्हणून ती रोज मोठ्यानं हाक देते. तिथंही तिनं सतरंजी झटकली अन् सवयीनं पाण्याकडे तोंड करून ओरडली,

"चला वं! मांगं कोनी राहू नका, सगळे घरी चला!"

सगळे हसले.

गाडीत उर्वशी म्हणाली, "आजी, या काकांना सरकायला सांग ना. ओले आहेत ते."

शेजारी कोणी नव्हतं.

खोलीवर पोरगी गार पडली. केस ओले. पुसले, पुन्हा ओले. डॉक्टरले दाखवलं, त्याले काही समजेना. पांघरुणावर पांघरूण घातलं तरी ओठ निळे होत चालले. मृणाल तिचे तळवे चोळत होती, अन् पोरगी पुटपुटली, "काका म्हणतात... आता तू आमच्या घरी चल."

वहिनी उठून चपला घालू लागली. "मीच बोलावलं वं माय! आता मलेच पोचवून द्या लागन."

रातोरात परत त्याच टोकावर निघाले. पोराले-सुनेले उर्वशीपाशी गाडीत ठेवून दोघं नवरा-बायको खाली पाण्याकडे उतरले. भरती होती. काळंकुट्ट पाणी. वहिनी गुडघाभर पाण्यात गेली. हात जोडले.

"दादा, चुकी झाली. तुमाले नव्हतं बोलावलं. माही पोट्टी सोडा..."

काही नाही.

"पाया पडते तुमच्या..."

काही नाही. नुसतं पाणी. कमरेपर्यंत.

मंग हाक आली. समुद्रातून. आपल्या बोलीत... वहिनीच्याच आवाजात.

"चला वं... मांगं कोनी राहू नका..."

मोतीरामनं तिचा हात धरला. घट्ट. ती वळली.

"पोट्टीले सांभाळजा."

लाट आली.

हात... सुटला.

वर गाडीत त्याच घटकेले उर्वशी घामानं डबडबून उठली. भूक लागली म्हणाली.

वहिनी सापडली नाही. बोटी फिरल्या, माणसं फिरली, नाहीच. मोतीराम एकटा घरी आला. कोणाशी बोलत नाही, दिवसभर बगीच्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर बसून असतो. लोक म्हणे, डोकं फिरलं. मलेही तसंच वाटलं होतं.

परवा भेटाले गेलो. म्हणाला, "यशवंता, बस. पाण्याकडे पाह्य."

बसलो. पाणी पार तळाले. मोटर बंद. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

मंग पाणी चढू लागलं.

हळूहळू... एकेक पायरी... पार वरपर्यंत आलं. थांबलं. मोतीरामनं पाण्याले हात लावला, अन् खोटं नाही सांगत, मले रडू आवरलं नाही. मंग तसंच हळूहळू ते उतरलं.

उघड्या पडलेल्या पायऱ्या उन्हात वाळल्या. त्यांच्यावर मिठाचा पांढरा थर होता.